आधी गिरण सांगा, मग खातं

"पीत नाहीस म्हणतोस? मग सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी बरी छाती भरते तुझी?"

गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या बापाला विचारत होता. बाप उघड्या अंगानं उभा. हातात बनियन. मागे बाकड्यावर त्याच्याच खात्यातली माणसं नंबर लावून बसलेली. मी तिसरीत होते. आई खानावळीच्या चपात्या लाटायला गेलेली, म्हणून बापाबरोबर मला धाडलं होतं. वाटेत त्याला दम लागला तर कुणीतरी सोबत हवं.

बाप कार्डिंग खात्यात होता. कापूस पिंजला जायचा आणि त्याची धूळ सगळ्या खात्यात तरंगायची. घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. सुट्टीला छाती जरा मोकळी व्हायची आणि कामावर गेला की पहिल्याच दिवशी आवळून यायची. एवढंच त्यानं डॉक्टरला सांगितलं होतं.

"दारूला हात लावत नाय, सायेब."

"सगळे हेच म्हणतात. कापसानं छाती जाते हे सिद्ध कुठे झालंय?" मग माझ्याकडे वळून, "पोरी, बापाला सांग, पगार झाला की आधी घरी ये."

बाकड्यावरची माणसं हसली. त्यांच्याही छात्या तशाच वाजत होत्या, तरी हसली. डॉक्टरपुढे हसावंच लागतं. बापानं बनियन उलटं घातलं आणि आम्ही निघालो.

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली. आई भांडली नाही. जवळ आली आणि तिनं बापाचं तोंड हुंगलं. माझ्यासमोर. बापानं तोंड पुढे केलं. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. त्याची एवढी बेअब्रू कुणी केली नव्हती, आणि त्या डॉक्टरनं ती खुर्चीत बसल्या बसल्या, आमच्याच घरात, आईच्या हातून करवून घेतली.

मग संप आला. गेटवर सभा व्हायच्या. बाप मला घेऊन जायचा. तिथं एक रीत होती. बोलायला उभं राहणाऱ्यानं आधी आपली गिरण सांगायची, मग खातं. नाही सांगितलं तर गर्दी ओरडायची. एकदा एक स्वच्छ शर्टवाला टेबलावर चढला आणि कामावर परत जाण्यातच तुमचं भलं आहे म्हणून समजावू लागला. "गिरण कुठली? खातं कुठलं?" सगळा रस्ता विचारायला लागला. बापाला ओरडता येत नव्हतं, दम पुरत नव्हता. त्याचा हात धरून मी ओरडले. त्या माणसाला सांगता येईना. तो खाली उतरला आणि बाप माझ्याकडे बघून हसला.

संप लांबला. गिरण परत सुरू झाली नाही. बाप खोकत खोकत गेला. मयताला आलेल्यांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, "दारूनं खाल्ला बिचाऱ्याला." मी ऐकलं. आईनंही ऐकलं.

पुढे शिकले. एका वृत्तवाहिनीत लागले. ऑफिस परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. काचेची इमारत, आत बर्फासारखा एसी. चर्चेला पाहुणे जमवायचं काम माझं. पडद्यावर पाहुण्याच्या नावाखाली तो कोण आहे हे सांगणारी जी पट्टी दिसते, तीही मीच टाइप करायचे.

त्या मे महिन्यात मुंबई भाजून निघत होती. विषय ठरला, पृथ्वी खरंच तापतेय का. मी हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना फोन केला. तापतेय आणि माणसामुळेच तापतेय, हे नक्की, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, या शहरात पुढे नेमका किती फरक पडेल, हे अजून नक्की सांगता येत नाही. संपादक ऐकून वैतागला.

"फार जपून बोलते ती. टीव्हीवर नाही चालणार. आणि दुसरी बाजू कुठेय? ते डॉक्टर बोलव, ते सगळं थोतांड आहे म्हणणारे. टाळ्या घेतात."

डॉक्टरांचं नाव मोठं. व्याख्यानं, सत्कार, वर्तमानपत्रात सदर. मी त्यांचं हवामानावरचं काम शोधलं. एखादं निरीक्षण, एखादा निबंध, कुणा जाणकारानं तपासलेलं काहीही. काही सापडलं नाही. सापडली ती एका कोळसा कंपनीच्या सल्लागार मंडळावरची खुर्ची. खुर्ची आहे म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही, एवढं मला कळतं. पण खुर्ची लपवायची, अभ्यास शून्य, आणि वर तज्ज्ञ म्हणून मिरवायचं?

ते आले. पांढरे केस, सोन्याची काडी असलेला चष्मा. मी विचारलं, "सर, नावाखाली काय लिहू? हवामानाचा आपला अभ्यास..."

"तुझं शिक्षण काय गं?"

सांगितलं.

"वडील काय करायचे?"

"गिरणीत होते."

"वाटलंच. घोषणा देऊन मोठी झालेली पोरं तुम्ही. ज्ञान नाही, नुसते प्रश्न." मग पाय पसरून म्हणाले, "मी गिरणीत डॉक्टर होतो. तेव्हाही हीच बोंब. कापसानं छाती जाते म्हणे! सिद्ध कुठे झालंय? प्यायचे लेकाचे. मी तेव्हा बधलो नाही, आता बधणार आहे? पर्यावरणतज्ज्ञ लिही. आणि चहा सांग, बिनसाखरेचा."

तोच आवाज. 'सिद्ध कुठे झालंय' मधला तोच हेल. समोर बाप उघडा उभा राहिला, हातात बनियन घेऊन.

संपादकाला सांगितलं, याचा या विषयाशी काही संबंध नाही.

"अगं, डिबेट आहे, चौकशी नाही. ते सांगतील ते लिही."

बापाला दारुडा ठरवायला याला पुरावा लागला नव्हता. पुरावा फक्त आम्ही द्यायचा. कापसाचा आम्ही, उन्हाचा आम्ही. आणि हा खुर्चीत बसून पुरेसा नाही म्हणणार.

चर्चा सुरू झाली. डॉक्टर बोलायला लागले आणि मी पट्टी सोडली. 'गिरणीमालकांचे माजी डॉक्टर. कोळसा कंपनीचे सल्लागार. हवामानाचा अभ्यास नाही.'

जाहिरात लागेपर्यंत पट्टी तशीच होती. मग संपादक धावत आला. डॉक्टर आतून ओरडत होते, "कोण आहे ती मुलगी?" एवढं खरं त्यांच्या नावाखाली आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

"आत जा आणि त्यांची माफी माग," संपादक म्हणाला. "पाया पड हवं तर. नाहीतर आत्ता घरी जायचं."

"माफी नाही मागणार."

पर्स उचलली आणि निघाले. काळाचौकीला घरी आले तर आई बंद टीव्हीसमोर बसलेली.

"ह्योच तो?"

"हाच."

ती म्हणाली, "मेल्यान माका तुज्या बापाचा तोंड हुंगूक लावल्यान." आणि रडली. बाप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

नोकरी गेली ती गेलीच. डॉक्टरांचं काही बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात दादरला त्यांचं व्याख्यान आहे. पत्रिकेवर ठळक छापलंय, पर्यावरणतज्ज्ञ. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी खाली सूचना आहे.

मी चिठ्ठी देणार नाही. आईला घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. त्यांनी तोंड उघडलं की उभी राहणार आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडून विचारणार, गिरण कुठली? खातं कुठलं? ते सांगेपर्यंत खाली बसणार नाही.