विहिरीच्या पाटीपाशी

आखातातल्या अल वक्राच्या जुन्या बाजारामागे, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक तपकिरी पाटी आहे. गावाची गोड्या पाण्याची विहीर इथे होती, असं तिच्यावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलंय. विहीर कधीच बुजली. आता तिथे फरशी आहे आणि फरशीवर मांजरं झोपतात.

वक्रात मराठी घरं मूठभर. नवरे हमद पोर्टवर, नाहीतर गॅस कंपनीत. "पाटीपाशी ये गं," असा फोन झाला की बायका डबे घेऊन जमायच्या. कुणी कायमचं परत निघालं, की शेवटच्या संध्याकाळी नवराबायकोने पाटीला टेकून फोटो काढायचा, असा रिवाजच पडून गेला होता. फोटो काढायची सुनीती. तिचा हात स्थिर, आणि कुणाचे डोळे मिटलेत ते तिला लगेच दिसायचं.

"भावजी, पोट आत," ती म्हणायची. "नाशिकला लोक विचारतील, माणूस पाठवला होता, पिंप कसं आलं?"

एकेक घर रिकामं होत गेलं. सगळ्यांत शेवटी लता गेली. नंतर सुनीती एकटीच यायची, मांजरांना काहीबाही घालून घरी जायची.

आणि आता तिची पाळी आली. तिच्या नवऱ्याचं, गुरुप्रसादचं पोर्टवरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, उद्याचं विमान होतं. इतक्या वर्षांत तो पाटीपाशी एकदाही आला नव्हता. दर वेळी कुठलंतरी जहाज आडवं यायचं. आज मात्र सकाळी चहा पिताना त्याने कबूल केलं होतं. सुनीती मोतिया साडी नेसून आली. तो कामावरून थेट आला तर असावा, म्हणून त्याचा इस्त्रीचा शर्टही पिशवीत घेतला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने फोन लावला.

"अहो, निघालात का?"

"अगं, हँडओव्हर अडकलाय. तू काढून घे ना फोटो."

"कुणाबरोबर?"

पलीकडून त्याला कुणीतरी हाक मारली. "बघतो, इन्शाल्ला," म्हणत त्याने फोन ठेवला. त्याच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे नाही, हे तिला पाठ होतं.

शेजारच्या बाकावर गावातले म्हातारे अरब जियाद पायघोळ झग्यात माळ ओढत बसले होते. ते रोजच असत.

"मॅडम, आज किसका फोटो?"

"आज मेरा, बाबा."

"साहब?"

"काम."

जियाद गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि फोनसाठी हात पुढे केला. "यल्ला, चलो."

सुनीती पाटीला टेकली. सूर्य समोर, समुद्र पाठीशी. हसायचं ते तिला थोडं उशिरा सुचलं.

फोटो तिने तिथेच मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. पाटी अर्धीच आली होती आणि सुनीतीच्या पायांशी एक लांबलचक सावली पडली होती.

लगेच लताचं उत्तर आलं. "छान गं. पण ही सावली कुणाची? भावजी झगा घालायला लागले की काय?"

"जियादबाबांची," सुनीतीने लिहिलं.

लता काहीतरी लिहीत होती. थांबली, पुन्हा लिहू लागली. तेवढ्यात सुनीतीने पिशवीतला शर्ट काढला, चुरगळलेली कॉलर बोटांनी सारखी केली आणि शर्ट परत ठेवला.

मग लताचा मेसेज आला.

"पोट आत घे म्हणायला कुणी नव्हतं ना गं तुला."

"नव्हतं," सुनीतीने लिहिलं, आणि मांजराशेजारी फरशीवरच बसली.