अम्मीच्या कफनाचे पैसे

अम्मीचं जुन्नरच्या एका बँकेत खातं होतं आणि त्या खात्यात फक्त तिच्या कफनाचे पैसे होते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अब्बा अचानक गेले तेव्हा घरात पैसा नव्हता, त्यांच्या कफनाचं कापड शेजाऱ्याकडून पैसे उसने घेऊन आणावं लागलं. ते उसने तिनं लवकरच फेडले, पण शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं हे ती काही विसरली नाही. माझ्या वेळी असं होता कामा नये, माझं कापड माझ्या कमाईचंच पाहिजे, असं तिनं तेव्हाच ठरवलं.

तिची कमाई बांगड्यांची. नारायणगाव, ओतूर, आळे, सगळे आठवडे बाजार तिनं पालथे घातले. लग्नसराईत आणि सणासुदीला पाटी डोक्यावर घेऊन बोरीपासून पार आणे गावच्या पठारापर्यंत जायची. घराघरांतून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. किती नवऱ्या मुलींचे चुडे तिनं भरले असतील, देव जाणे. बाजारात जन्म गेल्यामुळे तिची मराठी खास गावरान. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण भांडायचं झालं की अम्मी मराठीतच भांडते. हिंदीत तिला म्हणे जोर येत नाही.

आता मुद्द्याचं. बँकेत पैसे ठेवले की त्यावर व्याज मिळतं, आणि आमच्यात व्याज खाणं चालत नाही. यावर घरोघरी वेगवेगळी तोड असते. कुणी ते काढून गरजू माणसाला देऊन टाकतं, पुण्याची आशा न धरता. कुणी संडास-मोऱ्यांच्या दुरुस्तीला लावतं. अम्मीनं आपली वेगळीच तोड काढली होती. व्याज खात्यातच पडू द्यायचं, त्याला हात लावायचा नाही, आणि बँक मधूनमधून जे काय कापते ते त्या व्याजातून कापते असं धरून चालायचं. पैसे कापल्याचा मेसेज आला की ती फोन माझ्यापुढे धरायची. मी वाचून दाखवायचे आणि ती म्हणायची, "जाऊ दे, त्यांचंच त्यांना गेलं. आपल्याला कुठं ते पायजे व्हतं?" मला त्यात काही चूक दिसत नव्हती. उलट अम्मी फार हुशार आहे असंच वाटायचं. मेसेज आला तर आम्ही खूश, की बरं झालं, तेवढं नकोसं व्याज गेलं! बँकेनं पैसे कापल्यावर खूश होणारं आमचं एकच घर असावं साऱ्या तालुक्यात.

मागं तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आल्यावर तिच्या मनानं घेतलं की आता कापड आणून ट्रंकेत ठेवायचं. "मागनं तुमची धावाधाव नको," म्हणाली. माझा वारूळवाडीत ब्लाउज शिवायचा धंदा. मशीन बंद करून मी तिच्याबरोबर एसटीनं जुन्नरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं पुस्तक घेतलं, मशीनमध्ये घातलं आणि शिल्लक सांगितली. अम्मी हसली. "आगं पोरी, दुसऱ्या कुणाचं सांगतीस. नीट बघ की." मुलीनं परत बघितलं. आकडा तोच. अम्मीनं भरलेल्यातले निम्म्याच्या वर पैसे गायब होते, आणि व्याज म्हणाल तर औषधालाही नव्हतं.

बाहेर पायरीवर ती बसून राहिली. ऑपरेशनचा काळा चष्मा डोळ्यावर, त्यामुळे रडतेय की काय ते मला कळेना. चष्मा सारखा करत म्हणाली, "व्याज खाऊन झालं, मग मुडद्यांनी माझ्या पैशाला तोंड लावलं."

माझं डोकंच फिरलं. मी तशीच आत गेले आणि काय काय कापलंय ते छापून मागितलं. कागद हातात आला आणि मी वाचतच बसले. तिनं कधी न मागितलेल्या कार्डाचे दरवर्षीचे पैसे. ते कार्ड पाकिटासकट अम्मीच्या कपाटात होतं, उघडलंही नव्हतं. कुठल्यातरी अपघात विम्याचा हप्ता, ज्याची घरात कुणाला गंधवार्ता नाही. आणि सगळ्यात मोठा डल्ला म्हणजे खात्यात ठरावीक रक्कम नाही म्हणून दंड. आता हे खातं काढलं तेव्हा बँकेची माणसं आमच्या गल्लीत टेबल टाकून बसली होती. एक रुपया नसला तरी चालेल, असं ओरडून सांगत होती. त्या खात्याला दंड कसला आला? चौकशी केल्यावर कळलं की मध्ये कधीतरी खात्याचा प्रकारच बदलला होता. कुणी बदलला, कुणाला विचारून बदलला, याला उत्तर नाही.

"ताई, ते सिस्टिम आपोआप कट करते," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"सिस्टिम कुणाची गं? माझी का?" मी म्हटलं. "माझी असती तर मी तुमच्या खात्यातनं कट केले असते."

मागं उभे असलेले लोक हसले. मुलगी बिचारी लाल झाली. तिचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं, पण जिचा दोष आहे ती बँक समोर येऊन उभी राहत नाही, समोर असते ती पोरगीच. म्हणून मी आवाज खाली घेतला आणि लेखी तक्रार कशी करायची ते तिलाच विचारलं. तिनं मात्र नीट सांगितलं. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर शिक्का मारून घ्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर बँकांच्या लोकपालाकडे जाता येतं.

अम्मीच्या घरी येऊन अर्ज लिहायला बसले. मी लिहिलं, 'माझ्या आईच्या बचतीचे पैसे.' अम्मी जवळच लसूण सोलत होती. म्हणाली, "वाच." मी वाचलं. "बचत न्हाई. कफन लिही."

मी म्हटलं, "अम्मी, बँकेला काय करायचंय कशाचे पैसे ते? कायद्यात सगळे पैसे सारखेच."

"कायद्यात असतील. तू लिही. कशाला हात घातला ते कळू दे त्यांना."

मी लिहिलं.  तोंडानं बोलणं वेगळं, आपल्या अक्षरात आईच्या नावाशेजारी तो शब्द उतरवणं वेगळं.

अर्ज देऊन आल्यावर मधल्या दिवसांत मला ज्यानंत्यानं शहाणपण शिकवलं. अहो, बँकेशी कुठं भांडता? एवढ्यासाठी एसटीचं भाडं घालवता? जाऊबाई म्हणाल्या, "मी देते कापड आणून, सोड तो नाद." त्या मनापासून बोलत होत्या, पण सांगणार कसं त्यांना? दुसऱ्या कुणी आणून दिलेल्या कापडाचं तर सगळं दुःख होतं. अम्मीनं कधी कुणाकडून फुकट काही घेतलं नाही. आण्याच्या बायका बांगड्यांवर बाजरी-मटकी द्यायच्या, तर ही त्या पसाभर मटकीसाठी वर दोन बांगड्या जास्तीच्या भरून यायची.

मग एक दिवस शाखेतून बोलावणं आलं. साहेब नवे, वयानं लहान, बाहेरच्या राज्यातले. चहा मागवला. हिंदीत फार अदबीनं बोलले. विम्याचे आणि कार्डाचे पैसे परत मिळतील म्हणाले, पण दंडाचं त्यांच्या हातात नाही, ते वरून होतं.  आमचा अर्ज समोरच होता, त्यातला तो शब्द त्यांनी वाचला असणार. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. म्हणाले, "खालाजी, मेरी माँ भी आपके जैसी है. बाकी मेरी तरफ़ से रख लीजिए."

माणूस वाईट नव्हता. मला क्षणभर वाटलं, अम्मी आता तोंडाचा पट्टा सोडणार. तिनं तसं काही केलं नाही. उठून साहेबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या त्या बाजारी मराठीत म्हणाली, "लेकरा, तुझं नगं. तुझ्या आईला पाठव. मला माझं पायजे." साहेबाला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे, पण त्यानं पाकीट गुपचूप खिशात घातलं. मी मात्र बाहेर आल्यावर अम्मीवर चिडले. हाताशी आलेलं सोडलं, आता पुढं किती दिवस घासायचे, असं काहीबाही बोलले. ती काळ्या चष्म्याआडून एसटीची पाटी वाचायचा प्रयत्न करत राहिली.

मी लोकपालाकडे तक्रार घातली. ती फोनवरूनच घालता येते, पण कागदांचे फोटो चढवता चढवता जीव मेटाकुटीला आला. गिऱ्हाइकांचे ब्लाउज रखडले. आणि एके दिवशी दुपारी, तक्रारीसाठी माझ्याकडे ठेवलेल्या अम्मीच्या फोनवर मेसेज आला. पैसे जमा! दंड, कार्ड, विमा, सगळे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नारायणगावातून पेढे आणले, जाऊबाईंना मुद्दाम दोन दिले आणि तशीच अम्मीकडे गेले. मी जिंकले होते. एवढ्या मोठ्या बँकेला वारूळवाडीच्या एका शिंपिणीनं नमवलं होतं.

अम्मीनं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. "किती आलेत म्हणालीस?"

मी आकडा सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "हे कापल्यापेक्षा जास्त हाय."

जास्त होतेच. इतकी वर्षं पैसे वापरल्याबद्दल बँकेनं त्यावर व्याज धरून दिलं होतं, सगळं एकाच रकमेत. मला ती न्यायाची गोष्ट वाटली होती. अम्मीचा चेहरा पडला. "मग यातलं माझं किती?"

झालं, परत जुन्नर. काउंटरवर तीच मुलगी. अम्मी म्हणाली, "यातलं व्याज येगळं काढून सांग." मुलीला वाटलं, कमी मिळालं म्हणून आलो. तिनं समजावून सांगितलं की उलट जास्त मिळालंय. "तेच म्हणते मी," अम्मी म्हणाली. "जे माझं न्हाई ते किती, तेवढं सांग." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? कफनाचं सांगितलं. मग ती आत गेली, साहेबांशी बोलली, बराच वेळ लागला, पण वर्षावर्षाचं व्याज वेगळं मांडून आणलं. अगदी आधीपासूनचं सगळं. लाइन खोळंबली होती, एक पावणं मागून कुरकुरत होते. मुलीनं त्यांना थांबवलं. म्हणाली, "एवढ्या वर्षांत जास्तीचे परत करायला कुणी आलं नाही हो."

अम्मीनं तिथंच सगळे काढले आणि नोटांच्या दोन घड्या केल्या. व्याजाची घडी गल्लीतल्या सार्वजनिक मोरीची फरशी बसवायला गेली. दुसरी तिनं पदराच्या गाठीत बांधली. मला वाटलं होतं, आता ती दमून पडेल. घरी आल्या आल्या म्हणाली, "टेप आणलाय का?"

ब्लाउजवालीच्या पर्समध्ये टेप असतोच. "कशाला?"

"कापड आणायला उद्या जायचं. कमी पडाय नगं. बाईमाणसाला जास्त लागतं. आन् गुस्लला, मला शेवटची आंगूळ घालाय, तूच असणार, दुसरं कोण हाय? तुला म्हाईत पायजे." ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून ताठ उभी राहिली. "डोस्क्याच्या वर वीतभर धर, पायाखाली वीतभर."

इतके महिने मी दंडासाठी भांडत होते, सिस्टिमशी भांडत होते, माझं म्हणणं खरं करून दाखवत होते. कशासाठी भांडतेय ते माझ्याच अक्षरात लिहून दिलं होतं मी. तरी ते पोटात उतरलं टेप हातात घेतल्यावर. रोज बायकांची मापं घेते मी. छाती, कंबर, बाही, बोलत बोलत घेते. अम्मीच्या टाचेपाशी टेपचं टोक धरून बसले आणि मला वर बघवेना. ती लहान झाली होती. पाटी डोक्यावर घेऊन चालणारी ती माझ्या नजरेत होती त्यापेक्षा कितीतरी लहान.

"रडतीस काय? आकडा सांग."

मी सांगितला. तिनं वर-खालच्या विती धरल्या, पदराची गाठ चाचपली आणि मनातल्या मनात हिशेब केला.

"पुरतंय," ती म्हणाली.