पार बांधली त्या उन्हाळ्यात

आमच्या गावच्या तलावावर आम्ही एका उन्हाळ्यात जेवढी माती टाकली, तेवढेच किस्सेही जमा केले. माती पावसाने थोडीफार नेली असेल, किस्से मात्र वाढतच गेले. लग्नाची पंगत असो की धानाच्या रोवण्याचा चिखल, तेव्हाची दोन माणसं भेटली की एकजण म्हणणारच, "साहेब कसा अडकला होता लायनीत?" आणि मग तासभर कोणी उठत नाही. मी त्या लायनीत पहिल्या दिवसापासून होते, त्यामुळे माझ्या किश्श्यांत मीठमसाला कमी आणि माती जास्त.

आधी थोडं सांगते. आमचं गाव गडचिरोलीकडच्या जंगलातलं, धान पिकवणारं. धानाला पाणी तलावाचं. तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, गावचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, दर उन्हाळ्यात गावाकडून दुरुस्त करून घ्यायचा. मग मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला म्हणे, पण सरकार काही टोपली घेऊन आलं नाही. एका पावसात पार फुटली, पाणी नाल्याला गेलं आणि उभं धान वाळलं.

माझ्या नवऱ्याने, नामदेवने, सांगून टाकलं, "यंदा पार नाई झाली त मी बल्लारपूरच्या खाणीत चाललो." (नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. आता वय झालं, घेते.) लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मीही म्हटलं, "पार होते." डोक्यावर भरलेली टोपली कशी सांभाळायची तेही मला धड येत नव्हतं, पण बोलले ते बोलले.

*

सायकलवर फिरणारा एक तरुण ग्रामसेवक आमच्याकडे यायचा. त्याने देवळासमोर सभा घेतली आणि श्रमदानावर भाषण दिलं. भाषण झालं तसा कवडूभाऊ उठला. कवडूभाऊ म्हणजे गावातला कायमचा विरोधी पक्ष. कोणी म्हणालं ऊन आहे, तर हा म्हणणार सावली आहे.

"साहेब, मालगुजार आमच्याकडून फुकट माती टाकून घे, त्याले बेगार म्हणत. तुम्ही फुकट माती टाकून घेता, त्याले श्रमदान म्हणता. फरक काय ते सांगा."

ग्रामसेवकाने फरक सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझी सासू, भागाबाई, बसल्या जागेवरून म्हणाली, "बेगारीत मालक पारीवर खाट टाकून बसे. आता बसू देनार नाई. होते का फरक?"

कवडूभाऊ थोडा विचार करून म्हणाला, "होते." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कुदळ घेऊन तोच हजर होता. नामदेव मात्र आला नाही. "गाव कधी एक झालं काय?" म्हणून बाजेवर पडून राहिला. मला राग आला होता, पण राग काढायला माती समोरच होती.

*

सासूचं बोलणं म्हाताऱ्या मालगुजाराच्या कानावर गेलं. लोक त्यांना अजून मालकच म्हणत. मालक तिसऱ्या दिवशी स्वतः आले, धोतर खोचलं आणि म्हणाले, "मलेही टोपली द्या."

झाली पंचाईत! मालक माती घेऊन ज्याच्या समोरून जात, तो सवयीने हातातलं काम टाकून उठून उभा राही. मालक पुढे गेले की मागचे बसत, पुढचे उठत. भरणाऱ्यांनी त्यांच्या टोपलीत मूठभर माती टाकायची, आणि तेवढी मूठ पारीवर पोचेपर्यंत अख्खं काम बंद! शेवटी ग्रामसेवकाने हात जोडले, "मालक, तुम्ही येऊ नका. तुम्ही आले की नुकसान होते."

मालक खाली मान घालून घरी गेले. मला खरंच वाईट वाटलं.

पुढच्या दिवशी लायनीत एक म्हातारा होता, तोंडाला दुपट्टा गच्च गुंडाळलेला. कोणाला वाटलं, कोणाचा तरी पाहुणा असेल. तो हळू चालत होता म्हणून कवडूभाऊ मागून खेकसला, "अबे बुढ्या, वरातीत चालून राह्यला काय? पाय उचल ना!"

म्हाताऱ्याने दुपट्टा सोडला. मालक! कवडूभाऊच्या हातातली टोपली खाली पडली.

"थांबू नको, कवडू," मालक म्हणाले. "मले असं बोलनारा माणूस या गावात पह्यल्यांदा भेटला. उद्याही मी तुयाच पुढे राहीन."

आणि राहिले. कवडूभाऊ उन्हाळाभर त्यांना ओरडला आणि ते उन्हाळाभर चालले. त्यांच्या सुनेने माझ्या सासूला सांगितलं, "मालगुजारी गेल्यापासून मामंजी पयल्यांदा पोटभर जेवून राह्यले."

*

आता माझाच किस्सा. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर सुनेने तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हाताला हात तर लागताच कामा नये. आणि पारीच्या चढावर हातोहात टोपल्या द्यायची लाइन लागली, तर माझ्या शेजारी नेमका भासरा!

मी काय करावं? डोक्यावरचा पदर पुढे ओढून टोपली जमिनीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मग भासरा ती जमिनीवरून उचलायचा. पदरामुळे मला दिसायचं नाही, तर मी एकदा टोपली त्याच्या पायावरच ठेवली. तो बिचारा ओरडलाही नाही, कारण सुनेशी बोलायचं नाही! आमच्यामागे टोपल्यांचा ढीग लागला आणि सगळी लाइन शिव्या द्यायला लागली.

सासू आली आणि आम्हां दोघांच्या मध्ये उभी राहिली. माझ्याकडून घ्यायची, मोठ्या लेकाला द्यायची. दुपारपर्यंत तिने रिवाज पाळला. मग कंबर धरून सरळ बाजूला झाली.

"रिवाजाले कंबर नाई, मले आहे," ती म्हणाली. "सुनबाई, डायरेक्ट दे."

मी दिली. भासऱ्याने घेतली. आभाळ काही कोसळलं नाही. संध्याकाळी घरी जाताना भासरा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "टोपली खालून धर वो, काठानं धरली त हात सोलतात." इतकी वर्षं झाली, त्या एका वाक्याने मला घर मिळालं असंच मी मानते.

*

वैशाखात आमची माणसं थकली. निम्मी मोहफुलं वाळवण्यात, निम्मी तेंदूपत्त्यावर. पार अर्धीच होती आणि नामदेवने खाणीत ओळख काढून ठेवली होती. मला झोप लागेना.

एका सकाळी वरच्या जंगलातल्या गोंड पाड्यावरची माणसं आपापल्या कुदळी घेऊन पारीवर आली. म्हाताऱ्या बायकासुद्धा! त्यांच्या गायत्याने, म्हणजे गावाच्या देवाचं करणाऱ्या म्हाताऱ्याने, आधी पारीखालच्या झाडाला तांदूळ वाहिले आणि मगच पहिली कुदळ पडली.

कवडूभाऊला संशय आला. तो गायत्याजवळ गेला. "तुमची धानाची बांधी त या पान्यावर नाई. मंग काऊन आले?"

"मागं आमच्या पाड्याले आग लागली, तवा तुमचं गाव आलं होतं."

"मी नवतो आलो," कवडूभाऊ म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

गायता शांतपणे म्हणाला, "म्हनून तुले ओळखत नाई. आता ओळख झाली."

त्या दिवसापासून कवडूभाऊ दर आठवडी बाजाराला गायत्यासाठी तंबाखू घेऊ लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ओळखीचा माणूस आहे."

*

आणि तो साहेब! पार दिसायला लागली तशी बातमी वर गेली. मोठे साहेब जीपमधून आले, सोबत फोटोवाला. साहेबांच्या हातात टोपली दिली, त्यांना लायनीत उभं केलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासू. फोटो निघाला. साहेब हसले आणि निघायला वळले, तेवढ्यात माझ्याकडची टोपली त्यांच्या हातात गेली.

ती सासूला दिली तोवर दुसरी आली. मग तिसरी. साहेब म्हणाले, "बाई, मला जायचं आहे."

सासू म्हणाली, "जा ना साहेब. पन हे एवढी घ्या."

हातातली टोपली टाकावी तर पन्नास माणसं बघतायत, आणि हात रिकामा तर होतच नाही. खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. साहेब सुटले ते थेट जेवणाच्या वेळेला. मातीने भरलेले आमच्यात बसून आंबील प्यायले.

पुढच्या रविवारी ते परत आले. जीप नाही, फोटोवाला नाही, बायको आणि दोन्ही मुली बरोबर. सासूने विचारलं, "फोटोवाला नाई आनला?"

"नको," साहेब म्हणाले. "तो फोटो काढतो तोवर लाइन थांबते."

*

शेवटचा सांगते आणि उठते.

मृग लागला आणि पहिल्याच तडाख्यात पाऊस असा आला की तलाव भराभर चढू लागला. पार झाली होती, पण जिथे ती आधी फुटली होती तिथली माती अजून बसली नव्हती. सकाळी जुन्या-नव्या मातीच्या जोडातून पाणी पाझरायला लागलं, मग ढेकळं सुटून भोक पडलं. अख्खं गाव धावलं. मातीने भरलेली पोती टाकली, मालकांनी आपल्या गोठ्याचं दार आणलं, पाड्यावरची माणसं फांद्या तोडून आणत होती. भोक बुजतच नव्हतं.

पार पुन्हा फुटणारच म्हणून नामदेव त्याच सकाळी खाणीला निघाला होता. मी त्याला अडवलं नव्हतं. पार टिकली तर तो थांबेल आणि नाही टिकली तर अडवण्यात अर्थ नाही, म्हणून मी टोपली घेऊन धावले होते. मोटरीच्या थांब्याची वाट पारीवरूनच जायची. डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन तो आला आणि भोकाशी थांबला.

कोणी त्याला हाक मारली नाही. त्याने वाकून भोकाचा अंदाज घेतला. मग त्याने पेटी खाली ठेवली, उघडली, आतले कपडे, घोंगडी, आईने बांधून दिलेल्या भाकरी, सगळं माझ्या ओच्यात टाकलं, आणि रिकामी पेटी कवडूभाऊसमोर सरकवली.

"भर."

कवडूभाऊने काही न विचारता भरली. नामदेवने कडी लावली. मग तो आणि भासरा छातीभर पाण्यात उतरले आणि दोघांनी मिळून ती पेटी भोकात घातली. वरून गावाने माती लोटली. पाणी थांबलं.

सासू चिंब भिजलेली, काठावर उभी. तिने लेकाला विचारलं, "अन् आता खाणीत कपडे कशात नेशील, बाप्पा?"

नामदेवने तोंडावरचं पाणी पुसलं.

"पेटी लागन तवा उकरून घेईन, माय. तू टोपली दे."