ज्वालामुखीच्या काठावर मोजलेले शब्द

आमच्या ह्यांना कुठल्याही गोष्टीकडे नुसतं बघता येत नाही. बघितलं की तिची माहिती सांगायलाच हवी. आम्ही राहतो त्या नेपरव्हिलला, घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला येणाऱ्या माणसालासुद्धा बर्फाचे प्रकार ऐकवून मगच पाठवणार. त्यामुळे लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीने हवाईच्या मोठ्या बेटाची तिकिटं हातात ठेवली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर समुद्र आलाच नाही. आली ती ह्यांची फाइल. आणि झालंही तसंच. आठवड्याच्या आत प्रिंट काढून, रंगीत खुणा करून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाइल तयार.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला मजा आली. इथला सर्वांत उंच डोंगर समुद्राच्या तळापासून मोजला तर एव्हरेस्टपेक्षा उंच भरतो म्हणे. त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडतो आणि पायथ्याशी नारळ. लाव्हा समुद्रात ओतला गेला की बेट वाढतं, म्हणजे या देशाची जमीन इथे अजून तयारच होते आहे. लाव्हा गार झाल्यावर त्यावर पहिलं उगवणारं जे झाड, त्याला लाल तुऱ्यांची फुलं येतात आणि ते फूल तोडलं तर पाऊस येतो असं इथले लोक मानतात. दगड उचलायचा नाही, तो देवीचा. लोक नेतात, पस्तावतात आणि पोस्टाने परत पाठवतात. मी म्हटलं, जागृत देवस्थान आहे तर. काळ्या वाळूवर बसून हे म्हणाले, "आपला सह्याद्रीपण असाच, लाव्ह्याचे थर साचून झालेला. तुझ्या आईचा पाटा-वरवंटा म्हणजे गार झालेला लाव्हाच." पन्नास वर्षांत माझ्या माहेरच्या वस्तूबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी तो जपून ठेवला आहे.

फाइलमधलं एक पान मात्र ह्यांनी वाचून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले असताना मी ते वाचलं. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू निघतो, हवेत मिसळून त्याचं धुकं होतं, त्याला इथे वॉग म्हणतात. वारा नेहमीच्या दिशेने असेल तर ते बेटाच्या पलीकडे जातं. वारा पडला किंवा फिरला तर मात्र दमेकऱ्यांनी त्या भागात थांबू नये. सगळी फाइल रंगवलेली, आणि या पानावर एकही खूण नाही.

आता मागचं थोडं सांगायला हवं. हे चाळीस वर्षं फॅमिली डॉक्टर. एवढ्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणी दुसऱ्या डॉक्टरचं तोंड बघितलं नाही, माझी दोन बाळंतपणं सोडून. औषधं म्हणजे क्लिनिकमध्ये येणारी फुकटची सॅम्पलं. रिटायर होताना ह्यांनी ती बुटाच्या खोक्यात भरून घरी आणली आणि कपाटात ठेवली. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या काका-काकूंचे खोकले त्या खोक्यावर बरे झालेत. तारीख उलटून गेली असली तर हे म्हणणार, "एक्स्पायरी डेट वकिलांसाठी असते गं."

गेल्या हिवाळ्यात गराजमधून आत येताना ह्यांना धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज. खोक्यातून इनहेलर काढला, दोन पफ घेतले, अर्ध्या तासात चहा मागितला. "कोल्ड एअर, दुसरं काही नाही. लेकीला सांगायचं नाही. ती उगाच चँडलरचं घरदार सोडून विमानाने उडत येईल." मी शब्द दिला. खरं तर मला जरा बरंही वाटलं होतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरचं गुपित, आणि ते फक्त माझ्याकडे.

हे आंघोळीहून आले तेव्हा ते पान मी पलंगावर उघडं ठेवलं होतं. ह्यांनी ते उचलून फाइलमध्ये घातलं आणि म्हणाले, "वारा चांगला आहे. मी बघितलंय." पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी आम्ही टूरच्या व्हॅनमधून ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कमध्ये, विवराच्या काठाशी उतरलो. व्हॅन अंधार पडल्यावर न्यायला येणार होती, कारण लाव्ह्याचा लाल उजेड तेव्हा खरा दिसतो. खाली मैलोगणती काळं पठार, मध्ये भेगांतून निघणारा पांढरा धूर आणि तो आमच्यापासून लांब, पलीकडे वाहून जाणारा. मला वाटलं, बघ, उगाच जीव टांगणीला लावलास.

चारच्या सुमाराला गवत हलायचं थांबलं. मग धूर सरळ वर जायला लागला. मग आमच्याकडे वळला. नाकात काडेपेटीचा वास आला.

"अहो, आत चला. व्हिजिटर सेंटरमध्ये बसू."

"अगं थांब, हे जे विवर आहे ना, ते पूर्वी आतल्या आत कोसळून इतकं खोल झालं की..." आणि ह्यांनी श्वास घेतला.

नवीन डॉक्टर शिकायला यायचे त्यांना हे एक गोष्ट सांगत, ती मी स्वयंपाकघरातून शंभरदा ऐकली आहे. स्टेथोस्कोप नंतर. आधी पेशंटला बोलायला लावा. पूर्ण वाक्य एका श्वासात बोलला तर घाबरायचं नाही. चार-पाच शब्दांनी थांबला तर सावध व्हा. शब्दाशब्दाला थांबला तर ॲम्ब्युलन्स बोलवा, विचार करत बसू नका.

मी मोजायला लागले. आयुष्यभर ह्यांच्या तोंडाचा पट्टा बंद व्हावा म्हणून नवस करायचे बाकी ठेवले होते, आणि आता मीच विचारत होते, "मग? पुढे काय झालं विवराचं?"

"मग त्यात लाव्हा भरला." श्वास. "तळं झालं त्याचं."

चार शब्द, तीन शब्द. "अहो, उठा."

"उजेड बघून... जाऊ." ह्यांनी खिशातून इनहेलर काढला, तोंडाशी नेला, दाबला. सुकी फुस्स झाली. पुन्हा दाबला. मी तो हातातून ओढून घेतला. मागे उरलेले पफ दाखवणारा आकडा असतो, तो शून्य होता. हिवाळ्यातले दोन पफ मला माहीत होते. दोन पफांत अख्खा इनहेलर संपतो कसा, हा विचार डोक्यात आला, पण तेव्हा तो धरून ठेवायला वेळ नव्हता.

ह्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये दुसरा होता. डबीवरची तारीख वाचली. तेव्हा आमची लेक कॉलेजात होती. त्याचे दोन पफ ह्यांनी घेतले, मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. काही फरक पडला नाही. खांदे वर-खाली होत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या आणि ओठांचा रंग मला अजिबात आवडला नाही. माझा राग असा उसळला की सांगता सोय नाही. या माणसाने हजारो लोकांच्या छात्या तपासल्या आणि स्वतःच्या छातीसाठी खोक्याच्या तळातला कचरा आणला.

पार्कच्या गणवेशातली एक बाई लोकांना आत जायला सांगत येत होती. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि थांबली. सर, तुम्ही ठीक आहात ना?

ह्यांनी हात वर केला, हसले. पेशंटच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेलं ते हसू. "आय ॲम... अ... फिजिशियन."

बाईचा चेहरा सैल पडला. डॉक्टरच आहेत म्हटल्यावर तिने तरी काय करायचं? मान हलवली आणि ती पुढच्या बाकाकडे निघाली. या एका शब्दापुढे मी पन्नास वर्षं लोकांना असंच मागे फिरताना पाहिलंय. मीही फिरत आले. हे म्हणाले ठीक आहे की ठीक आहे.

"एक्स्क्यूज मी," मी म्हटलं. आवाज चढला होता, आजूबाजूचे वळून बघायला लागले. "माझे मिस्टर खोटं बोलतायत. त्यांना दमा आहे, इनहेलर रिकामा आहे आणि त्यांना वाक्य पुरं करता येत नाहीये. ॲम्ब्युलन्स बोलवा."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चारचौघांत त्यांच्या मुस्काटात मारली आहे. बघू देत. बाईने कमरेचा वॉकीटॉकी काढला होता.

पुढचा तास मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. आत नेलं, ऑक्सिजन लावला. ॲम्ब्युलन्स आली. वळणावळणाचा रस्ता उतरताना मास्कमध्ये औषधाची वाफ फसफसत होती. मला पुढे बसवलं होतं. मागून ह्यांचा आवाज येतो का म्हणून मी कान लावून होते, आणि ते बोलत नव्हते. इतकी शांतता मी कधी मागितली असेल तर देवा, माझी चूक झाली.

खालच्या शहरातल्या हॉस्पिटलात तासाभराने रंग परतला. एक तरुण डॉक्टर मुलगी फॉर्म भरायला आली. दमा कधीपासून? तुमचे डॉक्टर कोण?

हे माझ्याकडे बघायला लागले. दरवेळी अशा जागी मीच बोलते, ही इज अ डॉक्टर हिमसेल्फ, आणि लोक हसतात, फॉर्मवरची ती रेघ कोरी राहते. या वेळी मी पर्सचा बंद धरून गप्प उभी राहिले.

ह्यांनी मास्क बाजूला केला. "आय डोन्ट हॅव अ डॉक्टर." मध्ये कुठे न थांबता म्हणाले. मुलीने ते लिहून घेतलं.

ती गेल्यावर मी लेकीला फोन लावला आणि ह्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. मी आता कुणाला काही लपवणार नाही." पलीकडून लेकीचा आवाज मला ऐकू येत होता, "हाय बाबा, हाउ वॉज द लाव्हा?"

ह्यांनी डोळे मिटले. "बाळा, लाव्हा नाही बघितला. मी हॉस्पिटलमध्ये आहे, आता बरा आहे. मला दमा आहे, तीन वर्षं झाली, आणि मी ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं."

वाक्य पुरं झालं होतं, म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. मी पलंगाचा कठडा धरला. मला फक्त एक हिवाळा माहीत होता.