साडूभाऊंचे चिंचोके

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात दौंड जंक्शनवर ज्या काही गाड्या थांबत, त्या सगळ्या मिळून जेवढा वेळ थांबत नसतील, तेवढा वेळ आमचे साडूभाऊ एका इंग्रजी शब्दासाठी थांबत. गाडीला निदान सिग्नल मिळाला की ती हलते. साडूभाऊ शब्द मिळाल्याशिवाय हलत नसत.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मालधक्क्यावरचे कारकून. त्यांच्या कोटाच्या खिशात एक कापडी पिशवी असे आणि पिशवीत चिंचोके. लोक चिंचोके भाजून खातात, फार तर त्यांनी सारीपाट खेळतात. साडूभाऊंनी प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एकेक इंग्रजी अक्षर काढलं होतं. पिशवीत हात घालून, न बघता दोन चिंचोके काढायचे आणि ती दोन्ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द समोरच्याने सांगायचा, असा खेळ. पण शब्द कुठल्या तरी वस्तूवर छापलेला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा, आणि मागितला तर दाखवता यायला हवा. डिक्शनरीला त्यांच्या घरात बंदी होती. "डिक्शनरीतला शब्द म्हणजे सर्कशीतला वाघ," ते म्हणत, "रानात दिसला असेल तर सांगा." दुसरा नियम त्याहून कडक: काढलेला डाव अर्धा टाकून कुणी उठायचं नाही. घर पेटलं तर आधी शब्द, मग बादली.

त्यामुळे हा माणूस कायम शिकारीवर असे. औषधाची बाटली आली की आधी लेबल वाचायचं, मग ताप मोजायचा. प्लॅटफॉर्मवर अनोळखी प्रवाशांच्या ट्रंका, बिस्किटांचे डबे, पोरांच्या दुधाच्या बाटल्या, सगळं वाकून वाकून वाचायचं. एकदा बाजाराच्या दिवशी एका नव्या कोऱ्या ट्रॅक्टरसमोर ते गुडघे टेकून बसले. इंजिनावरच्या पत्र्यावर एक्स असलेला 'एक्झॉस्ट' सापडला होता आणि आनंदाने त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला, "आबा, दसऱ्याला अजून लई टाइम हाय. उठा, मला गाडी काढायचीय." खताचं पोतं दिसलं की ते नातेवाईक भेटल्यासारखे फुलत आणि माझ्या शिरूरच्या घरी आले की माझ्या तब्येतीच्या आधी गोठ्यातल्या पेंडीची चौकशी करत, कारण पेंडीच्या पोत्यावर इंग्रजी बरंच असे.

त्यांना या खेळात तोडीस तोड भिडू एकच, त्यांची एकुलती एक लेक शैला. बाकी मुली भातुकली मांडत तेव्हा ही स्टोव्हच्या टाकीवरची अक्षरं बोटाने गिरवत होती. संध्याकाळी बापलेक ओसरीवर बसत, मधे पिशवी, आणि भांडण असं की शेजारच्यांना वाटावं वाटण्या चालल्यात.

मग शैलाच्या लग्नाचं बघायला लागले. पहिलं स्थळ या चिंचोक्यांनीच घालवलं होतं. मुलाच्या काकांना पाणी द्यायच्या आधी साडूभाऊंनी पिशवी पुढे केली आणि काका वहाणा घालून चालते झाले. दुसरं स्थळ मी आणलेलं, शिरूरचं. मुलगा शेतकी पदवीधर, वडील मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. शैलाने या मुलाला सुट्टीत आमच्याकडे पाहिलं होतं, आणि "मावशी, हे जमलं तर बरं," असं माझ्या बायकोच्या कानात सांगितलं होतं. म्हणून माझ्या मेहुणीने, म्हणजे शैलाच्या आईने, पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच पिशवी काढून घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली.

पाहुणे आले. लिंबाचं सरबत झालं, पोहे आले, शैला खाली मान घालून बसली. साडूभाऊ इतके शहाण्यासारखे वागत होते की मलाच धडकी भरली. तेवढ्यात त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि त्याबरोबर दोन चिंचोके टणटणत थेट चेअरमनसाहेबांच्या पायाशी गेले.

"हे काय हाय वं?" चेअरमनसाहेबांनी ते उचलले.

"हाताला चाळा म्हणून दोनच ठेवले होते," साडूभाऊ मेहुणीकडे न बघता म्हणाले. "न बघता काढले होते, शपथेवर सांगतो." आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "कुठली अक्षरं आहेत?"

मेहुणीने डोळे मिटले. चेअरमनसाहेबांनी निवडणुकीचा निकाल वाचावा तसं वाचलं, "क्यू. आन् झेड."

साडूभाऊ पांढरे पडले. या जोडीचा शब्द दौंडच्या रानात त्यांना आजवर दिसला नव्हता. पाहुण्यांना खेळ सांगावाच लागला, आणि हरणं हा प्रकार चेअरमनसाहेबांना सोसायटीतही माहीत नव्हता. "आमचंबी विंग्रजी झालंय की सातवीपातुर," ते म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. दोघे बाप कपाळाला हात लावून बसलेले, पोहे गार होताहेत, मुलगा छताकडे बघतोय, मुलाची आत्या "पोरीला सैपाक येतो का" हे तिसऱ्यांदा विचारतेय आणि तिला कुणी उत्तर देत नाहीये. स्थळ माझ्या डोळ्यांदेखत परत शिरूरच्या रस्त्याला लागलं होतं.

तेवढ्यात खाली घातलेली मान वर आली. "स्क्वीझर," शैला म्हणाली, उठली, भर बैठकीतून आत पळाली आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. सरबतासाठी तिच्या आईने कालच बाजारातून आणलेलं लिंबू पिळायचं यंत्र होतं ते. खोक्यावर तांबड्या अक्षरांत शब्द छापलेला, क्यूसकट आणि झेडसकट. साडूभाऊंनी तो शब्द वाचला, पुन्हा वाचला, आणि खोकं छातीशी धरलं. मेहुणी दाराशी भिंतीला टेकली. नवरीमुलगी अशी धावत नाही, हे तिला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चेअरमनसाहेबांनी खोकं मागून घेतलं, बोट ठेवून अक्षरं तपासली आणि आत्याला म्हणाले, "ताई, सैपाकाला मानूस ठेवू. ही पोरगी आपल्याच घरात पायजे. व्याह्यांबरं डाव पडला तर मी कुनाच्या जिवावर बसू?"

त्या संध्याकाळी साडूभाऊ नुसते नाचायचे बाकी होते. दौंडभर ते खोकं घेऊन हिंडले. मुलगी कुणाच्या बाजूला गेली, हे त्यांच्या लक्षात यायला लग्नाचा दिवस उजाडावा लागला.

पाठवणीच्या वेळी शिरूरची खास एसटी मांडवासमोर उभी होती. सगळे रडत होते. साडूभाऊ तेवढे खिडकीखाली कोरडे उभे. मग त्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि दोन चिंचोके त्यांनी खिडकीतून शैलाच्या मेंदी लावलेल्या हातावर ठेवले. तिने ते पाहिले. ओठ हलले, पण हुंदक्यापुढे शब्द फुटेना. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी हलली. आणि आयुष्यात कधी कुठल्या गाडीमागे न धावलेले आमचे साडूभाऊ धोतराचा सोगा हातात धरून एसटीमागे धावत सुटले, सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं ओरडत:

"अहो, थांबवा ती गाडी, डाव तिच्यावर आहे!"