मागणीपत्राशिवाय तोफ मिळणार नाही

जगात आजवर जेवढी युद्धं झाली ती सगळी माझ्या साडूंना न विचारता झाली, आणि म्हणूनच ती इतकी बिघडली, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. त्यांना विचारलं असतं तर निम्मी सुरूच झाली नसती, कारण कागद अपुरे निघाले असते. साडू एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्या काळात सही केलेल्या मागणीपत्राशिवाय एक नटबोल्ट त्यांच्या खिडकीबाहेर गेला नाही, आणि गोदामातला कुठलाही माल रजिस्टरवर उणे झाला नाही, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त दिला गेला, असं एकदाही घडलं नाही. ही दुसरी गोष्ट ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात. आता ते निवृत्त आहेत, पुण्याजवळ मांजरीला, उसाच्या शेताला लागून झालेल्या नव्या इमारतीत राहतात आणि अ‍ॅप स्टोअरवर युद्धाचा गेम विकतात.

युद्ध विकणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. घरात झुरळ निघालं तर ते त्याला वर्तमानपत्रावर घेऊन जिन्यापर्यंत पोचवून येतात. रक्त माझ्या मेव्हणीचं तपासायचं असलं तरी चक्कर यांना येते. मंडईत गेले की मेथीवाल्या बाईंना कालच्या जुड्या पुढे आणि आजच्या मागे लावायला सांगतात, कारण आधी आलेला माल आधी गेला पाहिजे. आणि मग स्वतः मात्र मागची जुडी मागतात. एकदा त्या बाई वैतागून म्हणाल्या, "बाबा, तुमीच बसा हितं." हे खरंच बसले, आणि मेव्हणी पिशवी घेऊन उभी राहिली. मी त्यांच्याकडून ड्रिल मशीन आणलं तर परत करायच्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. आठवण म्हणून नाही, नियम म्हणून करतोय, असं त्यांनी मला सांगितलं आणि ठेवून दिला.

गेमचं खूळ शिरलं ते त्यांच्या मुलीमुळे. ती हिंजवडीला एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. एका रविवारी ती मोबाईलवर कुठलंतरी युद्ध खेळत होती आणि साडू मागे उभे राहून पाहत होते. पाऊण तासाने त्यांनी विचारलं, "हे चार दिवस लढतायत. जेवले कधी?" तिने हसण्यावारी नेलं. साडूंनी नेलं नाही. सैन्याला पीठ लागतं, खेचराला चारा लागतो, आणि तो वेळेवर पोचवणारं कुणीतरी मागे बसलेलं असतं, हे गेम करणाऱ्यांना माहीतच नाही याचं त्यांना इतकं दुःख झालं की त्यांनी आठवड्याभरात वहीभर नियम लिहून काढले. मुलीने शनिवार-रविवार घालून त्याचा गेम केला. नाव ठेवलं 'रसद'. स्टोअरवर दिसणाऱ्या चित्रात तिने रणगाडा काढला होता. साडूंनी तो काढायला लावून तिथे गव्हाचं पोतं ठेवलं.

आता हे पोतं पाहून कोण गेम विकत घेणार, असं मला वाटलं होतं, पण लोकांनी घेतला. घेतल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की यात तोफ मिळण्यासाठी मागणीपत्र भरावं लागतं. त्यात नग, पत्ता, कारण, सगळे रकाने. आणि खरी मेख पुढे होती. ते मागणीपत्र गेम मंजूर करत नसे, साडू करत. रोज सकाळी दहाला अंघोळ करून, चष्मा पुसून ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि जगभरच्या सेनापतींचे अर्ज एकेक करून तपासत. तोवर तिकडचं युद्ध थांबलेलं. रविवारी गोदाम बंद. कुणीतरी स्टोअरवर एक स्टार देऊन लिहिलं की दोन दिवस झाले, तोफगोळे आले नाहीत. साडूंनी खाली उत्तर दिलं की आधीच्या गोळ्यांचं काय केलं ते कळवावं. दुसऱ्याने लिहिलं, हे युद्ध नव्हे, हे सरकारी कार्यालय आहे. त्यावर साडूंचं उत्तर: निरीक्षण बरोबर आहे.

असे एक-एक स्टार साठत गेले. तरी मूठभर खेळाडू चिकटून राहिले, आणि त्यातला एक साडूंचा विशेष लाडका होता. दूरच्या, थंड देशातल्या एका गावचा. बाकीचे पत्त्याच्या रकान्यात वाटेल ते लिहीत, हा खरं गाव लिही. मागणीपत्र नेहमी पूर्ण, आणि खाली न चुकता 'सुप्रभात, स्टोअरकीपर'. "एकतीस वर्षांत मला असा फोरमन मिळाला नाही," साडू मला म्हणाले होते.

मग स्टोअरचं पत्र आलं. नव्या फोनसाठी गेम अपडेट करा, नाहीतर महिनाअखेरीस काढून टाकू. मुलगी म्हणाली, करते, पण मंजुरी ऑटोमॅटिक करूनच करते. हे रेटिंग असंच राहिलं तर स्टोअरवर असून नसल्यासारखं आहे. साडू म्हणाले, काढून टाकला तरी चालेल. दोघांनी आठ दिवस अबोला धरला. मेव्हणीने मला मध्यस्थी करायला बोलावलं. मी बराच वेळ समजावलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अहो, मग सकाळी दहाला मी काय करायचं?" मी चपला घालून घरी आलो. निवृत्त मीही आहे.

त्याच आठवड्यात ते झालं. दुपारी जेवताना टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, आणि त्यात त्या गावाचं नाव आलं. खरं युद्ध, खरी पडलेली घरं. वीज नाही, लोक तळघरात राहतायत आणि बाहेर बर्फ. साडू घास तसाच ठेवून उठले आणि कॉम्प्युटरपाशी गेले. तो खेळाडू आधी पंधरा दिवस गप्प होता आणि मग पाच दिवसांपूर्वी त्याचा एक अर्ज आला होता. तोफ नाही, गोळे नाहीत. चाळीस ब्लँकेटं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: थंडी आहे. सुप्रभात लिहिलेलं नव्हतं. आणि त्याखाली साडूंचा शेरा होता: गेममध्ये सध्या मे महिना चालू आहे, ब्लँकेटं देता येणार नाहीत.

त्यांनी तो शेरा खोडून ब्लँकेटं मंजूर केली. पण तिकडे कुणी उघडून पाहिलंच नाही. संध्याकाळी मुलगी घरी आल्यावर ते स्वतःहून तिच्याशी बोलले. "ऑटोमॅटिक कर," म्हणाले. "उगाच कुणाला थांबायला लागू नये." तिने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा, काका, मी जिंकले, असं म्हणता म्हणता ती रडायला लागली.

परवा मांजरीला गेलो होतो. गेम स्टोअरवर टिकला आहे. तोफा मागितल्या क्षणी मिळतात, चार-चार स्टार पडतायत, आणि 'शेवटी एकदाची सुधारणा झाली' असं लोक लिहितायत. साडूंना आता काही काम नाही, तरी दहा वाजता अंघोळ करून, चष्मा पुसून ते बसले होते. मुलीकडून त्यांनी एक खिडकी तेवढी स्वतःसाठी ठेवून घेतली आहे. तिच्यातून ते रोज त्या एका खात्यावर न मागता चाळीस ब्लँकेटं पाठवतात. पाठवलेल्या सगळ्या खेपांपुढे एकच खूण आहे, न उघडलेलं. मी पडद्यावर गोदामाची यादी पाहिली. पीठ, चारा, तोफा, सगळं जागच्या जागी होतं. ब्लँकेटांपुढचा आकडा लाल होता आणि त्याच्याआधी उण्याची खूण होती.

मी न राहवून विचारलं, "अहो, उणे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिकडे थंडी आहे हो," म्हणाले. मग त्यांनी त्या दिवशीची चाळीस पाठवली, आणि मेव्हणीने आणलेला चहा आम्ही दोघांनी घेतला.