बाबांनी धरलेला ताल

परवा मिरजेच्या एका दवाखान्यात बहिणीला भेटायला गेले. स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि मला रहिमतपूरचा तो रविवार आठवला.

आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत गीताची सुरुवात नेहमी बाबा करायचे. त्यांचा आवाज चर्चबाहेर रस्त्यापर्यंत जायचा. मग मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. घरी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते सवयीनं पुढे जाऊन उभे राहिले. गळ्याला पट्टी होती, अंगाला अजून स्पिरिटचा वास येत होता. मी तेव्हा तिसरीत होते. मी शरमेनं मान खाली घातली.

मंडळीतले शामुवेलकाका हळूच म्हणाले, "आवं दादा, बसा तुमी. आज गाणं ऱ्हाऊ द्या."

बाबांनी माझी संडे स्कूलची पाटी खुणेनं मागून घेतली, तिच्यावर लिहिलं आणि सगळ्यांसमोर धरली. 'आवाज गेला. देव आहे.'

मग त्यांनी टाळ्यांचा ताल धरला. कुणीच गाईना. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली आई बेसूर, पण ठामपणे गात होती. दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी तिच्यामागे आली.

तेव्हा मला देवाचा राग आला होता. आज वाटतं, विश्वास धरून ठेवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बाबांचा आवाज परत आला नाही. पुढची अकरा वर्षं ते दर रविवारी तिथंच उभे राहिले, आणि आई गात राहिली.